एकाच एडिटरात चार जोडलेले प्रोजेक्ट: गिटची कुठली सेटिंग कुठे ठेवायची

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. सोलापुरात होटगी रोडला चौघांचं ऑफिस आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी तुम्ही ऑर्डर, सूतसाठा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करता. सर्व्हर, वेब आणि मोबाइल असे तीन प्रोजेक्ट आहेत, त्यांच्या बदलांचा इतिहास गिट ठेवतं. जीएसटीचा हिशोब, एचएसएनची (जीएसटीसाठीच्या मालाच्या कोडची) यादी आणि बिलांचे नमुने ‘सामाईक’ नावाच्या चौथ्या रिपॉझिटरीत (गिट ज्याचा इतिहास ठेवतं त्या फोल्डरात) आहेत आणि ती तिन्हींत सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे रिपॉझिटरीच्या आत बसवलेली दुसरी रिपॉझिटरी म्हणून, जोडली आहे. चारही फोल्डर व्हीएस कोड या एडिटरच्या एकाच खिडकीत उघडता. तक्रारी अशा: कारखान्याच्या रिपॉझिटरीत तुमच्या घरच्या जीमेलने कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) जातात. दोन ओळी बदलल्या तरी अख्खी फाइल बदललेली दिसते. पुण्याहून काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे ‘सामाईक’चे बदल पोचत नाहीत, कधी तर पुलच (नवे बदल खेचून आणणं) अडतो. आणि एका फोल्डरात केलेली सेटिंग दुसऱ्याला कधी लागते, कधी नाही. ‘सगळ्या प्रोजेक्टची व्हर्जन कंट्रोल सेटिंग एकाच जागी ठेवता येईल का,’ असं तुम्ही विचारलंय.

येणार नाही, आणि आली तरी ठेवू नका. सेटिंग कशाबद्दल आहे ते आधी बघायचं: माणसाबद्दल, मशीनबद्दल, त्या कोडबद्दल, की फक्त तुमच्या खिडकीबद्दल. ज्याच्याबद्दल आहे त्याच्याजवळ ती ठेवली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तुमच्याकडे माणसाची सेटिंग खिडकीत गेलीय आणि कोडची सेटिंग माणसाकडे राहिलीय.

(फाइलींची आणि कमांडची नावं मी बोलतो तशी लिहितोय, टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणेच टाइप करा.)

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसू द्या. व्हीएस कोडला स्वतःचं गिट नाही. तो मशीनवर बसवलेलं गिट चालवतो आणि उत्तर रंगवून दाखवतो. त्यामुळे कमिटवर कुणाचं नाव पडेल, ओळींचे शेवट कसे बदलतील, पुश (बदल गिटहबसारख्या ऑनलाइन साठ्यावर पाठवणं) कधी नाकारला जाईल, हे सगळं गिटच्या कन्फिगमध्ये ठरतं, एडिटरच्या सेटिंग्जमध्ये नाही. डाव्या कोपऱ्यात खाली तुम्ही गिटहबच्या ज्या खात्याने साइन इन करता, त्याचा कमिटच्या लेखकाशी काही संबंध नाही. ते खातं पुश-पुलच्या परवानगीपुरतं. ऑफिसच्या खात्याने साइन इन असूनही कमिट घरच्या ईमेलने जातात त्याचं कारण हेच, आणि चांगले मुरलेले लोकही यात फसतात.

गिटच्या कन्फिगचे थर ठाऊक असतीलच: सिस्टम म्हणजे मशीनचा, ग्लोबल म्हणजे तुमच्या होम फोल्डरातली डॉट-गिटकन्फिग, आणि लोकल म्हणजे त्या रिपॉझिटरीच्या डॉट-गिट फोल्डरातली कन्फिग फाइल. आतला थर बाहेरच्यावर मात करतो. मात्र लोकल कन्फिग क्लोनबरोबर (रिपॉझिटरीची प्रत उतरवून घेताना) जात नाही, हे बरेच जण विसरतात. तुम्ही सर्व्हरच्या रिपॉझिटरीत कितीही निगुतीने सेटिंग लावा, सहकाऱ्याच्या मशीनवर त्यातलं काही पोचणार नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय, कारण कन्फिगमधून कमांड चालवता येतात. कुणाचीही रिपॉझिटरी क्लोन केली आणि तिच्या कन्फिगने तुमच्या मशीनवर काही चालवलं, असं होता कामा नये. क्लोनबरोबर जातात त्या कमिट केलेल्या फाइली: डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स, डॉट-गिटइग्नोर, डॉट-गिटमॉड्यूल्स, डॉट-एडिटरकन्फिग आणि डॉट-व्हीएसकोड फोल्डरातली सेटिंग्ज फाइल. टीमला लागू व्हायला हवी ती गोष्ट यांपैकी कुठेतरी हवी.

आता नाव-ईमेलचं बघू. इथे जरा सावकाश जातो, कारण सबमॉड्यूलमुळे यात एक मेख आहे.

नेहमीचा उपाय म्हणजे ‘इन्क्लूडइफ’. 2017 साली गिट 2.13 मध्ये आला. ग्लोबल कन्फिगमध्ये लिहायचं की रिपॉझिटरी अमुक फोल्डरखाली असेल तर ही दुसरी फाइलही वाच. समजा डी ड्राइव्हवर ‘काम’ फोल्डर आहे आणि त्यात प्रत्येक कारखान्याचं वेगळं फोल्डर आहे. ‘गिटडिर’ची अट लावून डी ड्राइव्ह, काम, कारखाना असा मार्ग द्या आणि त्या फाइलीत त्या कारखान्यासाठीचं नाव-ईमेल ठेवा. मार्गात विंडोजवरही पुढे झुकलेला स्लॅशच वापरा आणि शेवटचा स्लॅश गाळू नका, तो असला तरच खालची सगळी फोल्डरं धरली जातात. ही अट कन्फिग फाइलीत तुमच्या मूळ नाव-ईमेलच्या खाली हवी, कारण नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं. वर लिहिली तर ती लागू होते आणि लगेच पुसलीही जाते, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

मेख अशी. सबमॉड्यूलच्या फोल्डरात डॉट-गिट हे फोल्डर नसतं, एका ओळीची फाइल असते. उघडून बघा, आत पत्ता दिसेल: खरं गिट फोल्डर मूळ प्रोजेक्टच्या डॉट-गिटमध्ये ‘मॉड्यूल्स’खाली बसलेलं असतं. ‘गिटडिर’ची अट या खऱ्या जागेशी ताडली जाते, तुम्हाला एडिटरात दिसणाऱ्या जागेशी नाही. म्हणजे सर्व्हरच्या आतल्या ‘सामाईक’साठी तुम्ही कारखाना, सर्व्हर, सामाईक असा मार्ग देऊन वेगळी अट लिहिली, तर ती कधीच जुळणार नाही. उलट कारखान्याच्या फोल्डराची अट जुळेल, कारण खरं गिट फोल्डर त्याच्याच पोटात आहे. परिणामी तुमच्या स्वतःच्या सामाईक लायब्ररीत कारखान्याच्या ईमेलने कमिट जाऊ लागतील. लायब्ररी तुमची आणि तीन गिऱ्हाइकांत वापरलेली, तर इतिहासात तीन वेगळे ‘तुम्ही’ दिसाल.

यावर 2022 च्या गिट 2.36 पासून चांगला उपाय आहे: ‘हॅजकन्फिग’ची अट. ती फोल्डर बघत नाही, रिमोटचा, म्हणजे ऑनलाइन साठ्याचा, पत्ता बघते. ‘रिमोटचा पत्ता आमच्या संस्थेच्या खात्याखाली असेल तर आमचं ऑफिसचं ईमेल’ असा नियम लिहा आणि तो ‘गिटडिर’च्या नियमाखाली ठेवा. ‘सामाईक’ कुठल्याही प्रोजेक्टच्या आत असो, रिमोट एकच, त्यामुळे ओळखही एकच. गिट त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा. एवढ्यासाठी जुन्या आवृत्तीशी झुंजण्यात अर्थ नाही.

याच्या जोडीला ‘यूजर’ विभागात ‘यूजकन्फिगओन्ली’ खरं करा आणि मूळ ग्लोबल कन्फिगमधलं ईमेल काढूनच टाका. मग एखाद्या रिपॉझिटरीला कुठलाच नियम लागला नाही तर गिट अंदाजाने ओळख बनवत नाही, कमिट नाकारतं. एडिटरात लाल पट्टी येते आणि ‘नाव-ईमेल सेट करा’ असं सांगते. तेव्हा चिडून ग्लोबलमध्ये ईमेल परत टाकू नका. त्या पट्टीसाठीच तर हे केलंय.

आतापर्यंत चुकीच्या ईमेलने गेलेल्या कमिटचं काय? शेवटचं कमिट अजून पुश केलं नसेल तर ‘अमेंड’ला ‘रिसेट-ऑथर’ जोडून ते दुरुस्त होतं. पुश झालेल्यांचा इतिहास पुन्हा लिहू नका, सबमॉड्यूलमध्ये तर मुळीच नको, कारण बाकीचे प्रोजेक्ट ज्या कमिटचा नंबर धरून बसलेत तो नंबरच नाहीसा होईल. डॉट-मेलमॅप फाइल ठेवा, लॉगमध्ये दोन्ही ईमेल एकाच माणसाखाली दिसतील. तेवढं पुरे.

कुठली सेटिंग कुठून आली ते शोधायचं तर अंदाज बांधू नका. ज्या फोल्डराबद्दल शंका आहे त्यात टर्मिनल उघडा आणि ‘गिट कन्फिग’ला ‘लिस्ट’ आणि ‘शो-ओरिजिन’ जोडून चालवा. प्रत्येक ओळीच्या आधी ती ज्या फाइलीतून आली तिचा पत्ता येतो. एकच की दोनदा दिसली तर खालची लागू. तुमच्यापैकी कुणी विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असेल तर लक्षात घ्या, त्याच्या आतलं होम फोल्डर वेगळं, त्यामुळे ग्लोबल कन्फिगही वेगळी. खिडकी डब्ल्यूएसएलमध्ये उघडली की विंडोजकडची सेटिंग गायब झाल्यासारखी वाटते. ती गायब नसते, दुसऱ्या घरात असते.

आता खिडकीकडे. चार फोल्डर एकत्र उघडून ‘सेव्ह वर्कस्पेस अ‍ॅज’ केलं की कोड-वर्कस्पेस शेपटीची एक फाइल होते. आता सेटिंगचे तीन थर झाले: यूजर, वर्कस्पेस आणि फोल्डर. तुमची ‘कधी लागते, कधी नाही’ ही तक्रार इथली. एकच फोल्डर उघडलेलं असताना त्याच्या डॉट-व्हीएसकोडमधल्या सगळ्या वर्कस्पेस सेटिंग चालतात. तेच फोल्डर चार फोल्डरांच्या खिडकीत आलं की फक्त फाइल-फोल्डरशी निगडित सेटिंग चालतात. अख्ख्या खिडकीच्या सेटिंग दुर्लक्षित होतात, कारण चार फोल्डरांनी खिडकीला चार हुकूम सोडले तर ऐकायचं कुणाचं? अशी सेटिंग फोल्डरच्या सेटिंग्ज फाइलीत फिकट दिसते. फिकट दिसली की ती उचलून वर्कस्पेस फाइलीत टाका.

‘गिट: ब्रँच प्रोटेक्शन’, ‘गिट: ऑटोफेच’, ‘गिट: इनेबल स्मार्ट कमिट’ या फोल्डरपातळीवर चालतात, म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला वेगळ्या ठेवता येतात. ब्रँच प्रोटेक्शनच्या यादीत ‘मेन’ (कामाची मुख्य ब्रँच, म्हणजे फांदी) टाकलं तर थेट त्यावर कमिट करताना एडिटर हटकतो. पण ती केवळ आठवण आहे, टर्मिनलवरून तोच माणूस बिनदिक्कत कमिट करेल. खरं कुलूप सर्व्हरवर, म्हणजे गिटहब किंवा गिटलॅबच्या ब्रँच नियमांत लावा.

ऑटोफेच मुळात बंदच असतं. चालू केलंत तर दर 180 सेकंदांनी प्रत्येक उघड्या रिपॉझिटरीसाठी फेच (रिमोटवरचे नवे बदल नुसते आणून ठेवणं) होतं, आणि तुमच्याकडे सबमॉड्यूल धरून सात रिपॉझिटरी उघड्या आहेत. ऑफिसचं नेट गेलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात की ते जाणवतं. कालावधी वाढवा, नाहीतर बंद ठेवा. मी बंद ठेवतो, पुल करायच्या आधी माझा मी फेच करतो.

सात कशा, असं विचाराल. सर्व्हर, वेब, मोबाइल या तीन. प्रत्येकाच्या आत ‘सामाईक’ची एकेक प्रत, त्या तीन. आणि तुम्ही ‘सामाईक’ स्वतंत्र फोल्डर म्हणूनही खिडकीत घेतलंय, ती सातवी. सोर्स कंट्रोलच्या पट्टीत ‘सामाईक’ नाव चार वेळा दिसतं आणि चारही वेगळे क्लोन आहेत, वेगवेगळ्या कमिटवर उभे असलेले. एकीत केलेला बदल दुसरीत येत नाही म्हणून तुम्ही हैराण झालात. तो येणारच नव्हता. पुश करून तिकडे खेचल्याशिवाय त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्या एकाच डिस्कवर असल्या तरी.

माझा सल्ला: स्वतंत्र चौथं फोल्डर खिडकीतून काढा. ‘सामाईक’मध्ये बदल करायचा तो सर्व्हरच्या आतल्या प्रतीत, कारण हिशोबाच्या चाचण्या तिथे चालतात. वेब आणि मोबाइलमधल्या प्रती फक्त पुढे सरकवायच्या, त्यांत टाइप करायचं नाही. त्या दोन प्रतींवर सोर्स कंट्रोलमध्ये उजवं क्लिक करून ‘क्लोज रिपॉझिटरी’ केलं की डोळ्यांसमोरून जातात. मूळ प्रोजेक्टमध्ये ‘सामाईक’ पुढे-मागे झालं तर ती ओळ तरीही दिसत राहते, आणि दिसायला हवी तीच.

तुमच्यापैकी एकाच्या मशीनवर हजारो बदल दिसतात असं लिहिलंय, ते बहुधा असं झालंय: कधीतरी डेस्कटॉपवर किंवा थेट ‘काम’ फोल्डरात कुणीतरी ‘गिट इनिट’ केलंय. वरच्या फोल्डरात डॉट-गिट आहे का बघा, आत कामाचं काही नसेल तर ते लपलेलं फोल्डर काढून टाका. ‘गिट: ओपन रिपॉझिटरी इन पेरेंट फोल्डर्स’ ‘नेव्हर’वर ठेवली तर असं पुन्हा गळ्यात पडणार नाही.

अख्खी फाइल बदललेली दिसण्याचं कारण ओळींचे शेवट. विंडोज आणि लिनक्स ते वेगळे लिहितात, आणि प्रत्येकाच्या ग्लोबल कन्फिगमध्ये ‘ऑटोसीआरएलएफ’ वेगळं आहे. ही कोडची सेटिंग माणसाकडे राहिली त्याचा हा नमुना. चारही रिपॉझिटरींच्या मुळाशी डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ठेवा. त्यात सगळ्या फाइलींना ‘टेक्स्ट ऑटो’, शेल स्क्रिप्टला ‘ईओएल एलएफ’, विंडोजच्या बॅच फाइलींना ‘ईओएल सीआरएलएफ’, चित्रं आणि पीडीएफना ‘बायनरी’. मूळ प्रोजेक्टची ही फाइल सबमॉड्यूलच्या आत लागू होत नाही, म्हणून ‘सामाईक’ला तिची वेगळी हवी. मग ‘गिट अ‍ॅड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ जोडून एकदाच सगळ्या फाइली एका वळणावर आणा आणि त्याचं एकच वेगळं कमिट करा. हे करायच्या आधी चौघांचं काम पुश होऊन मेनमध्ये मिळालेलं असू द्या. अर्धवट ब्रँच उघड्या असताना केलंत तर पुढचा आठवडा मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकमेकांना भिडलेले बदल) सोडवण्यात जाईल.

जाता जाता: ‘सामाईक’मध्ये बिलांच्या नमुन्यांची नावं मराठीत आहेत. टर्मिनलवर ‘गिट स्टेटस’मध्ये ती उलट्या स्लॅशच्या आकड्यांची रांग होऊन येतात. ‘कोअर’ विभागातलं ‘कोटपाथ’ खोटं करा, नावं वाचता येतील.

आता सबमॉड्यूलची जोडणी. पुलचं अडणं इथून येतं.

मूळ प्रोजेक्ट सबमॉड्यूलचा कोड साठवत नाही, त्याची ब्रँचही साठवत नाही. वहीत ‘तपशील त्या रजिस्टरच्या अमुक पानावर’ एवढंच लिहावं तसा तो एका कमिटचा नंबर साठवतो. आता घडणारा प्रकार बघा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा तुम्ही सर्व्हरच्या आतल्या ‘सामाईक’मध्ये दरांचा तक्ता बदलला, कमिट केलं, मग सर्व्हरमध्ये कमिट केलं आणि सर्व्हर पुश केला. ‘सामाईक’ पुश करायचं राहिलं. पुण्यातल्या सहकाऱ्याने पुल केलं, सर्व्हरने त्याला एक नंबर दिला, त्याचं गिट तो नंबर ‘सामाईक’च्या रिमोटवर शोधायला गेलं आणि तिथे असलं काही कमिटच नाही. तो म्हणतो पुल तुटला, तुम्ही म्हणता माझ्याकडे चालतंय. दोघंही खरं बोलताय.

याला ‘पुश’ विभागातलं ‘रिकर्सबमॉड्यूल्स’ ‘चेक’वर ठेवा. सबमॉड्यूलचं कमिट कुठल्याच रिमोटवर नसेल तर मूळ प्रोजेक्टचा पुश गिट नाकारतं, आणि एडिटरचं बटण दाबलं तरी नाकारतं, कारण बटणामागे तेच गिट आहे. ‘ऑन-डिमांड’ ठेवलं तर ते सबमॉड्यूलही स्वतःच पुश करतं. सोयीचं वाटतं, पण मला नको वाटतं. लायब्ररी तीन ठिकाणी जाते, ती बाहेर पडताना माणसाने एकदा बघितलेली बरी.

दुसरी खाच डिटॅच्ड हेडची. ‘सबमॉड्यूल अपडेट’ केलं की सबमॉड्यूल ब्रँचवर राहत नाही, थेट त्या कमिटवर उभं राहतं. एडिटरच्या तळपट्टीत ब्रँचच्या नावाऐवजी नंबराचे आकडे-अक्षरं दिसतील. तसंच कमिट करत गेलात आणि पुन्हा अपडेट केलं की तुमची कमिट कुठल्याच ब्रँचवर नसतात. ती लगेच नष्ट होत नाहीत. सबमॉड्यूलच्या फोल्डरात ‘गिट रिफलॉग’ बघा, नंबर शोधा, त्यावर नवी ब्रँच काढा, काम परत मिळतं. पण मुळात सवय अशी हवी: सर्व्हरच्या आतल्या ‘सामाईक’मध्ये शिरलं की आधी मेनवर किंवा नव्या ब्रँचवर जायचं, पुल करायचं, मग कीबोर्डला हात. कमिट, पुश. मग वर सर्व्हरमध्ये येऊन फक्त ‘सामाईक’ची ती एक ओळ स्टेज करून (कमिटसाठी निवडून) कमिट, आणि संदेशात ‘सामाईक पुढे: नवे जीएसटी दर’ असं काहीतरी. त्यानंतर वेब आणि मोबाइलमध्ये ‘सबमॉड्यूल अपडेट’ला ‘रिमोट’ जोडून प्रत पुढे आणायची आणि तीच एक ओळ कमिट करायची.

ती ओळ वेगळी कमिट करा असं का म्हणतो? तुमच्याकडे ‘स्मार्ट कमिट’ चालू आहे. काहीच स्टेज नसेल तर ते सगळे बदल एकत्र कमिट करतं, आणि सबमॉड्यूलचा सरकलेला नंबर हाही एक बदलच. वेबमधल्या बटणाचा रंग बदलायला गेलात आणि ‘सामाईक’ नकळत दोन कमिट मागे सरकलं, तर एचएसएन 6302 खालच्या टॉवेलच्या बिलावर वेबवर जुना दर आणि सर्व्हरवर नवा दर दिसेल. कारखानदाराचा फोन येईल, आणि तुम्ही दिवसभर बटणाच्या कमिटमध्ये सोडून सगळीकडे शोधाल. तिन्ही मूळ प्रोजेक्टच्या फोल्डर सेटिंगमध्ये स्मार्ट कमिट बंद करा. ‘डिफ’ विभागातलं ‘सबमॉड्यूल’ ‘लॉग’वर ठेवा, म्हणजे टर्मिनलवर डिफ (जुन्या-नव्यातला फरक) बघताना दोन नंबरांऐवजी मधल्या कमिटचे संदेश दिसतील आणि मागे सरकलं असेल तर तसं स्पष्ट कळेल. सबमॉड्यूलचा त्रास नको म्हणून काही जण ‘इग्नोर ऑल’ सुचवतात. त्याने बदललेला नंबरच दिसेनासा होतो. ते टाळा.

‘सबमॉड्यूल’ विभागातलं ‘रिकर्स’ खरं केलं की पुल आणि ब्रँच बदलताना आतल्या प्रतीही बरोबर सरकतात. चौघांकडेही हे हवं. आता ही सेटिंग क्लोनबरोबर जात नाहीत, मग टीमला द्यायची कशी? प्रत्येक मूळ रिपॉझिटरीत ‘डॉट-गिटकन्फिग-टीम’ अशी फाइल कमिट करा, तिच्यात पुश, डिफ, सबमॉड्यूलचे हे नियम लिहा, आणि क्लोन झाल्यावर प्रत्येकाने एकदाच लोकल कन्फिगच्या ‘इन्क्लूड पाथ’मध्ये तिचा मार्ग जोडायचा. मार्ग डॉट-गिट फोल्डरापासून मोजला जातो, म्हणून दोन टिंबं, स्लॅश आणि फाइलचं नाव. सबमॉड्यूलला हाच मार्ग देऊ नका, त्याची कन्फिग मॉड्यूल्सच्या आत खोल बसलीय, तिथून दोन टिंबं भलतीकडेच नेतात. त्या फाइलीत कुणी बदल केला तर कोडपेक्षा बारकाईने बघा, कारण तिच्यातून कमांड चालू शकतात.

डॉट-गिटमॉड्यूल्समध्ये ‘सामाईक’चा पत्ता पूर्ण न लिहिता सापेक्ष लिहिता येतो, चारही रिपॉझिटरी एकाच खात्याखाली असतील तर. मग कुणी एसएसएचने क्लोन करो की एचटीटीपीएसने, आतलं आपोआप तसंच येतं. पत्ता बदलल्यावर जुन्या क्लोनमध्ये ‘सबमॉड्यूल सिंक’ चालवायला विसरू नका, नाहीतर ते जुन्या पत्त्यावरच जात राहतील.

उन्हाळ्यात हमखास येणारी एक अडचण: कमिट चालू असताना वीज गेली की ‘इंडेक्स डॉट लॉक’ फाइल मागे राहते, आणि मग गिट म्हणतं दुसरी प्रक्रिया चालू आहे. एडिटर बंद करून, खरंच काही चालू नाही हे बघून ती काढायची. सबमॉड्यूलची असेल तर ती त्याच्या फोल्डरात सापडणार नाही, मूळ प्रोजेक्टच्या डॉट-गिट, मॉड्यूल्स, सामाईक इथे असते.

पेनड्राइव्हवरचं फोल्डर उघडलं की कधी कधी ‘संशयास्पद मालकी’ची चूक येते, ती 2022 पासूनची सुरक्षा आहे. तेवढं एक फोल्डर ‘सेफ डिरेक्टरी’त घाला, ताऱ्याची खूण टाकून सगळ्यांना मोकळीक देऊ नका. मुळात पेनड्राइव्हने कशाला आणायचं, क्लोन करा.

तुमच्यातला एक जण वेबस्टॉर्म हा दुसरा एडिटर वापरतो. तिथे हे सगळं ‘व्हर्जन कंट्रोल’खालच्या ‘डिरेक्टरी मॅपिंग्ज’मध्ये दिसतं: कुठल्या फोल्डरला कुठलं रूट. सबमॉड्यूल त्यात नोंदलेलं नसेल तर नोंदा. ती नोंद डॉट-आयडिया फोल्डरातल्या व्हीसीएस फाइलीत जाते. तिथे सगळ्या रूटवर एकदम ब्रँच बदलायची सोय आहे. तुमच्या कामाला ती चालू ठेवू नका, सर्व्हरची फीचर ब्रँच आणि ‘सामाईक’ची ब्रँच एकाच नावाची असायचं कारण नाही.

शेवटी न विचारलेलं सांगतो. चौघांच्या टीमला हे सबमॉड्यूल हवंच का, याचा विचार करा. सर्व्हर आणि वेब कायम एकत्रच रिलीज होत असतील तर ती दोन्ही आणि ‘सामाईक’ एकाच रिपॉझिटरीत आणा, आणि मोबाइल वेगळा ठेवून त्याला लायब्ररीचं पॅकेज द्या. सबमॉड्यूल तेव्हा परवडतं जेव्हा लायब्ररीचा वेग आणि तिचे मालक खरोखर वेगळे असतात. तुमच्याकडे मालक तेच चौघं आहेत. एकत्र करताना इतिहास सांभाळायचा असेल तर ‘गिट सबट्री’ने आणता येतो. ते या महिन्यात जमणार नसेल तर निदान स्मार्ट कमिट बंद करणं आणि ‘चेक’ लावणं आज करा, बाकीचं सवडीने.

एवढं करूनही ईमेल चुकतच असेल तर ज्या फोल्डरात चुकतंय त्यातलं ‘शो-ओरिजिन’चं आउटपुट आणि गिटची आवृत्ती मला पाठवा. पाठवण्याआधी रिमोटच्या पत्त्यांच्या ओळी नीट बघा. कुणीतरी पत्त्यातच टोकन घुसवून क्लोन केलेलं असतं आणि ते जसंच्या तसं त्या यादीत येतं. दिसलं तर नुसतं खोडू नका, गिटहबवर जाऊन ते टोकन रद्दच करा.